मेंढ्याच्या शुक्रजंतूंची गती आणि आर्जिनिन

कळपातील एखादी मेंढी भाकड राहिली तर मेंढपाळाचे एका कोकराचे नुकसान होते. परंतु पैदाशीचा नर निकामी निघाला तर सबंध हंगाम वाया जातो. आपल्याकडे २५ ते ३० माद्यांमागे एक नर ठेवण्याची वहिवाट आहे. तो नर अंगाने भरलेला, शिंगाने रुबाबदार आणि माद्यांवर उड्या घेण्यास तत्पर असला म्हणजे मेंढपाळ निश्चिंत होतो. तथापि उडी घेणे आणि मादी गाभण राहणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरी गोष्ट घडण्यासाठी वीर्यातील शुक्रजंतू जिवंत आणि चपळ असावे लागतात, व ही चपळाई डोळ्यांस दिसत नाही. अलीकडे या न दिसणाऱ्या गोष्टीच्या नावावर तऱ्हेतऱ्हेच्या पुड्या गावोगावी विकल्या जाऊ लागल्या आहेत. त्यांपैकी पुष्कळांवर 'ॲमिनो' हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि काहींत आर्जिनिन नावाचे ॲमिनो आम्ल घातलेले असते. या आम्लाचा शुक्रजंतूंच्या गतीशी खरोखरच संबंध आहे. तो कोणता, किती, आणि मेंढपाळाने त्यावर पैसा खर्च करावा किंवा नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय हाती घेण्यास एक प्रसंग कारण झाला. माण तालुक्यातील एका वस्तीवर जुलैच्या पहिल्या आठवड्यात फेरीवर गेलो असता तेथील एका वृद्ध मेंढपाळाने आपली तक्रार सांगितली. त्यांनी मोठी किंमत देऊन एक माडग्याळी नर आणला होता. "सायेब, मेंढा दिसायला वाघ हाय, पन मेंढ्या परत परत माजावर येत्यात," असे ते म्हणाले. खुराकात काय देता, असे विचारता त्यांनी सरकी पेंडीचे पोते दाखविले व त्याच्याजवळच ठेवलेली आर्जिनिनाची पुडीही दाखविली. पुडी विकणाऱ्याने पंधरा दिवसांत गुण येईल असे सांगितले होते. ते पंधरा दिवस होऊन गेले होते.

नर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेण्यात आला. तेथील डॉक्टरांनी वीर्य काढून थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला. चांगल्या नराच्या वीर्याचा थेंब कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहिला असता काळ्या ढगांप्रमाणे भराभर उसळणाऱ्या लाटा दिसतात. येथे लाटा मुळीच नव्हत्या. वीर्य पातळ होते, थोडे शुक्रजंतू जागच्या जागी वळवळत होते, आणि पुष्कळांच्या शेपट्या मोडलेल्या होत्या. पुडीने हे कसे सुधारावे, आणि पुडी देऊनही ते का सुधारले नाही, हे समजण्यासाठी शुक्रजंतूची रचना थोडी पाहिली पाहिजे.

शुक्रजंतू चालतो कसा

मेंढ्याचे वीर्य एका वेळी साधारणतः १ मिलीलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेच निघते. परंतु ते दाट सायीसारखे असते व प्रत्येक मिलीलिटरमध्ये सुमारे ३०० कोटी शुक्रजंतू असतात. प्रत्येक शुक्रजंतूचे डोके, मधला भाग आणि शेपूट असे तीन भाग असतात. डोक्यात पित्याकडून जाणारा आनुवंशिक ठेवा घट्ट बांधलेला असतो. मधल्या भागाभोवती तंतुकणिका मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेल्या असतात. त्या म्हणजे त्याचे शक्तिगृह होय. शेपूट हे वल्हे. शक्तिगृहात, तसेच शेपटाच्या लांबीवर साखरेच्या विघटनातून, जी शक्ती तयार होते तिच्यावर हे वल्हे चालते. मेंढ्याच्या वीर्यातील ही साखर मुख्यतः फलशर्करा असते. वीर्यातील साखर फलशर्करा आहे हे केंब्रिज येथील थॅडियस मान या शास्त्रज्ञाने १९४६ च्या सुमारास दाखवून दिले.

वृषणात तयार झालेला शुक्रजंतू प्रथम चालू शकत नाही. वृषणाला लागून असलेल्या लांबलचक गुंडाळीच्या नळीतून तो सुमारे दोन आठवडे प्रवास करतो, आणि त्या प्रवासातच त्याला गती प्राप्त होते. वृषणातील घडण सुमारे ४९ दिवसांची व नळीतील प्रवास ११ ते १४ दिवसांचा, मिळून सुमारे ६० दिवस होतात. वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे.

आर्जिनिनाचा संबंध कोठे येतो

प्रथिने ही ॲमिनो आम्लांच्या मण्यांची माळ होय. आर्जिनिन हा त्यांपैकी एक मणी. शुल्झे आणि स्टायगर या दोघांनी १८८६ मध्ये ल्युपिन नावाच्या द्विदल पिकाच्या अंकुरांतून तो प्रथम वेगळा केला. पुढे आल्ब्रेख्त कोसेल यास माशांच्या शुक्रजंतूंच्या डोक्यातील प्रोटामीन नावाच्या प्रथिनात आर्जिनिनाचा प्रचंड साठा आढळला. मेंढ्याच्या शुक्रजंतूतही हेच आहे. आनुवंशिक धाग्यावर ऋण विद्युत्भार असतो व आर्जिनिनावर धन. त्यामुळे आर्जिनिनयुक्त प्रथिन त्या धाग्याला चिकटून त्याची घट्ट मोळी बांधते. मोळी सैल राहिली तर डोके बेढब होते व आतील ठेवा नासण्याची भीती असते. सारांश, आर्जिनिनाचे पहिले काम डोके घडविण्याचे आहे, आणि ते वृषणातच, घडणीच्या अखेरच्या टप्प्यात होते. शुक्रजंतू एकदा तयार झाल्यावर हे काम मागाहून करता येत नाही.

दुसरे काम गतीचे. शुक्रजंतूमध्ये एक विकर असते, ते आर्जिनिनापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात तयार करते. हा वायू शरीरात निरोप पोहोचविण्याचे कार्य करतो. रक्तवाहिन्यांतील त्याच्या या कार्याच्या शोधाबद्दल १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांस मिळाले. शुक्रजंतूत हा निरोप पोहोचला की आतील रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते व शेपटाचे वल्हविणे जोमदार होते.

हे केवळ तर्क नव्हेत. केलर आणि पोलाकोस्की यांनी १९७५ मध्ये मानवी शुक्रजंतू परीक्षानळीत घेऊन त्यांत आर्जिनिन मिसळले असता गती वाढल्याचे नमूद केले. आपल्याच मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोकडाच्या शुक्रजंतूंवर काम झाले, आणि मेंढा व बोकड हे जवळचे भाऊबंद असल्याने आपल्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आर्जिनिनामुळे शुक्रजंतूंतील साखरेच्या विघटनाचा वेग वाढतो, म्हणजे वल्ह्याला इंधन अधिक वेगाने मिळते, असे दिसून आले. त्याच संस्थेच्या २००६ मधील लेखात हा परिणाम प्रामुख्याने नायट्रिक ऑक्साइडच्या मार्गाने होतो असा निष्कर्ष काढलेला आहे. मेंढ्याच्या शुक्रजंतूंतही हा वायू तयार होतो व त्याचा गतीशी संबंध आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा वायू थोडा असेल तोवर मित्र असतो, अधिक झाला की शत्रू होतो. त्याचे प्रमाण वाढले म्हणजे तो तंतुकणिकांतील श्वसनक्रिया अडवितो, तसेच प्राणवायूच्या दुसऱ्या एका उग्र रूपाशी संयोग पावून असे द्रव्य बनवितो की जे शुक्रजंतूचे पातळ आवरण जाळते. मेंढ्याच्या शुक्रजंतूच्या आवरणात लवकर खवट होणारे मेद पुष्कळ असल्याने त्याला ही झळ अधिक लागते. सबब परीक्षानळीतसुद्धा 'जितके अधिक तितके बरे' हा हिशेब चालत नाही. खताच्या बाबतीत आपले शेतकरी बंधू हा धडा एकदा शिकले आहेत.

गती मारणारे ॲमिनो आम्ल

सर्वच ॲमिनो आम्ले शुक्रजंतूंस हितकारक असतात असा समज पुड्यांवरील जाहिरातींमुळे होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. टोसिक आणि वॉल्टन या संशोधकांनी १९४६ ते १९५० च्या दरम्यान दाखवून दिले की, अंड्याचा बलक घातलेल्या विरलद्रवात वळूचे वीर्य ठेवले असता फेनिलॲलनिनसारख्या काही ॲमिनो आम्लांपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि त्यानेच शुक्रजंतूंची गती मंदावते. जखम धुण्यासाठी दवाखान्यात जे फेसाळणारे औषध वापरतात तेच हे द्रव्य. ही क्रिया घडविणारे विकर मेलेल्या शुक्रजंतूंतून बाहेर पडते, असे पुढील संशोधनात आढळले. न्यूझीलंडमध्ये मेंढ्याच्या वीर्यावर झालेल्या कामातही हे विकर सापडले आहे. म्हणजे एक मेलेला शुक्रजंतू आपल्या जिवंत शेजाऱ्यास विष पाजतो. वीर्याच्या नमुन्यात मृतांची संख्या जास्त असेल तर उरलेले चांगलेही लवकर का ढेपाळतात, याचे एक कारण हे होय.

पशुधन पर्यवेक्षकांनी यावरून एवढेच घ्यावे की, नमुना हाताळताना होणारी प्रत्येक चूक दुहेरी नुकसान करते. थंड काच, पाण्याचा थेंब, साबणाचा अंश, थेट ऊन, यांपैकी कशानेही काही शुक्रजंतू मेले की त्यांच्यामुळे बाकीचेही मरणाच्या वाटेस लागतात. काच व नळी ३७ अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करून, कोरडी करून मगच वापरावी.

मेंढ्याचे वीर्य गोठविणे हे वळूच्या वीर्यापेक्षा कठीण असल्याने सिस्टीन, टॉरिन, प्रोलिन अशी काही आम्ले विरलद्रवात मिसळून त्याचे रक्षण करण्याचे प्रयत्न ऑस्ट्रेलिया, तुर्कस्तान इत्यादी देशांत झालेले आहेत. त्यांचा आपल्या वाड्यावरील मेंढपाळाशी आज प्रत्यक्ष संबंध नाही. मेंढीच्या गर्भाशयाचे मुख वेडेवाकडे असल्याने गोठित रेत दुर्बिणीच्या साहाय्याने थेट गर्भाशयात सोडावे लागते, आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. बहुतेक कळपांत यापुढेही बराच काळ जिवंत नरच काम करणार आहे.

परीक्षानळी आणि कोठीपोट

आता पुडीचा प्रश्न. परीक्षानळीत शुक्रजंतूंवर आर्जिनिन टाकणे आणि मेंढ्याच्या तोंडात आर्जिनिन टाकणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. माणसाने गिळलेले आर्जिनिन आतड्यात पोहोचते तरी. तथापि तेथेही गुण संशयास्पदच आहे. १९४४ मध्ये हॉल्ट आणि अल्बनीज यांनी आर्जिनिनविरहित आहारावर नऊ दिवस ठेवलेल्या पुरुषांच्या शुक्रजंतूंची संख्या एकदशांशावर आल्याचे लिहिले, आणि तेव्हापासून या आम्लाची कीर्ती सुरू झाली. शुक्रजंतूची घडण दोन महिन्यांची असताना नऊ दिवसांत आहाराचा इतका परिणाम कसा व्हावा, ही शंका प्रस्तुत लेखकास नेहमी वाटत आली आहे. १९७३ मध्ये शाख्टर व सहकाऱ्यांनी आर्जिनिनाने बऱ्याच रुग्णांस गुण आल्याचे सांगितले. परंतु १९७८ मध्ये इंग्लंडात निम्म्यांना औषध व निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी पूड देऊन जेव्हा चाचणी घेतली, तेव्हा फरक आढळला नाही.

मेंढा तर रवंथ करणारा प्राणी. त्याच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. पुडीतील सुटे आर्जिनिन पाण्यातून वा पेंडीतून दिले की ते प्रथम या जीवांच्या हाती पडते. ते त्याचे तुकडे करून अमोनिया मोकळा करतात व त्यातून आपले स्वतःचे शरीर बांधतात. मेंढ्याला पुढे मिळते ते या जीवांचे शरीर, म्हणजेच सूक्ष्मजीवांचे प्रथिन. त्यात आर्जिनिन असते, परंतु ते पुडीतले नव्हे. मेदाचे आवरण दिलेले आर्जिनिन कोठीपोटातून सुखरूप पार होऊ शकते व तसे पदार्थ तयारही होतात. मात्र साध्या पुडीवर तसा उल्लेख नसतो, आणि आवरणाचा पदार्थ साध्या पुडीच्या भावात मिळणे शक्य नाही. शिवाय मेंढ्याचे शरीर आतडी व मूत्रपिंड यांच्या साहाय्याने स्वतःही आर्जिनिन बनविते. त्याला हवा असतो कच्चा माल, म्हणजे पुरेसे प्रथिन आणि पुरेशी शक्ती.

हा कच्चा माल आपल्या घरात आहे. शेंगदाण्याच्या पेंडीत सुमारे ४५ टक्के प्रथिन असते आणि त्या प्रथिनाचा सुमारे नववा हिस्सा आर्जिनिन असतो. हिशेब केला तर १०० ग्रॅम पेंडीत ५ ग्रॅम आर्जिनिन भरते. ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यात ते अर्धा ग्रॅमही भरत नाही. तिळाची पेंड शेंगदाण्याच्या तोडीस तोड आहे. अर्थात पेंडीतील आर्जिनिनाचाही मोठा भाग कोठीपोटात मोडतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वर ज्या कारणाने पुडीस दोष दिला तोच दोष पेंडीला काही अंशी लागू आहे. फरक असा की पेंडीचे सर्व प्रथिन मोडत नाही, जे मोडते त्यावर सूक्ष्म जीव पोसले जातात, आणि ते जीव अखेर मेंढ्याच्याच पोटी जातात. पुडीतील दोन-चार ग्रॅमने यांपैकी काहीच नजरेत भरण्याइतके साधत नाही.

सरकी पेंडीविषयी

आर्जिनिनाच्या दृष्टीने सरकी पेंडही श्रीमंत आहे, आणि येथेच फसगत होते. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळसर द्रव्य असते व ते नराच्या जननशक्तीचे वैरी आहे. चीनमध्ये १९५० च्या दशकात ज्या खेड्यांत सरकीचे कच्चे तेल खाण्यात होते तेथे अपत्ये होईनाशी झाली, आणि शोधाअंती दोष या द्रव्याकडे गेला. गॉसिपॉल शुक्रजंतूच्या मधल्या भागावर, म्हणजे वर सांगितलेल्या शक्तिगृहावर, घाव घालते. तंतुकणिकांचे मळसूत्र तुटते व शेपूट मोडते. रवंथ करणाऱ्या जनावरांचे कोठीपोट बरेचसे गॉसिपॉल बांधून निरुपद्रवी करते, म्हणून दुभत्या गाईम्हशींना ही पेंड आपण बेधडक देतो व त्यात वावगे काही नाही. परंतु पैदाशीच्या नराचा प्रश्न निराळा आहे. वळू व मेंढे यांच्या वीर्यात सरकीच्या भरपूर खुराकानंतर असे दोष आढळून आलेले आहेत. पेंड बंद केल्यावर ते बहुधा भरून येतात, पण त्यास पुन्हा तेच साठ दिवस लागतात. सबब पैदाशीच्या नरास हंगामापूर्वी दोन महिने व हंगामात सरकी आणि सरकी पेंड देऊ नये. माद्यांस व खाटकाकडे जाणाऱ्या नरांस ती खुशाल द्यावी.

शेंगदाणा पेंडही डोळे झाकून घेऊ नये. ओलसर जागी तिला बुरशी येते व त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे यकृताचे विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडात अशाच पेंडीने सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. हिरवट-काळी, कुबट वासाची पेंड स्वस्त मिळाली तरी परत करावी.

साठ दिवसांचे गणित

आता वर लक्षात ठेवावयास सांगितलेला आकडा वापरू. दख्खनी मेंढ्यांचा मुख्य माज पहिल्या पावसाबरोबर, जून-जुलैत येतो. १५ जूनला ज्या शुक्रजंतूने मेंढी गाभण राहावयाची, त्याची घडण १५ एप्रिलच्या सुमारास सुरू झालेली असते. एप्रिल-मे हे महिने आमच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत कसे असतात हे सांगावयास नको. रानात काडी नसते, मेंढा दिवसभर चालून अर्धपोटी परततो, आणि ऊन ४० अंशांवर जाते. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा ४ ते ६ अंशांनी कमी राहिले तरच शुक्रजंतूंची घडण नीट होते. ते थंड ठेवण्यासाठीच निसर्गाने त्यांना बाहेर लोंबत ठेवले आहे. म्हणजे जूनमधील उपयोगाचे शुक्रजंतू वर्षातील सर्वांत वाईट दिवसांत घडत असतात. जूनमध्ये हिरवा चारा खाऊन मेंढा आठ दिवसांत टवटवीत दिसू लागतो व मेंढपाळ फसतो. अंगावर तेज आले तरी नळीतले शुक्रजंतू एप्रिल-मेचेच असतात.

पंधरा दिवसांत गुण देणारी पुडी ही एवढ्याच हिशेबावरून बाद होते. जूनच्या सुरुवातीस दिलेल्या कोणत्याही पदार्थाला शुक्रजंतूच्या डोक्याच्या घडणीत भाग घेण्यास वेळच उरलेला नसतो.

याकरिता एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून नर कळपातून वेगळा काढून त्याला रोज सुमारे ४०० ग्रॅम खुराक द्यावा. त्यात शेंगदाणा पेंड १०० ग्रॅम, भरडलेली ज्वारी किंवा मका २०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ९० ग्रॅम आणि मीठ व खनिज मिश्रण मिळून १० ग्रॅम असावे. एकदम सुरुवात केल्यास पोट बिघडते. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावे. भुईमुगाचा पाला मिळाल्यास उत्तम. पंचवीस-तीस मेंढ्यांच्या मालकास एकाच नराचा हा खर्च आहे, सगळ्या कळपाचा नव्हे. आणि घरच्या भुईमुगाची पेंड गाळून आणणाऱ्यास तो आणखी कमी पडेल. दुपारी ११ ते ४ नर दाट सावलीत असावा; चरावयास पहाटे व सायंकाळी सोडावे. पत्र्याच्या बुटक्या छपराखाली बांधलेला नर सावलीत आहे असे मानू नये, तो भट्टीत आहे. जुलाब, लाळ्या-खुरकूत, देवी किंवा कोणताही मोठा ताप येऊन गेलेला नर बरा झाल्यापासून दोन महिने भरवशाचा समजू नये.

माणमधील त्या मेंढ्याकडे आता परत येऊ. चौकशी करता असे कळले की तो मोलाचा म्हणून त्याला उन्हाळाभर रानात न नेता पत्र्याच्या छपरात बांधून ठेवले होते, आणि फेब्रुवारीपासून त्याच्यापुढे सरकी पेंडीचे घमेले होते. घरात सर्वांत जास्त लाड त्याचेच झाले होते. उष्णता आणि गॉसिपॉल यांत कोणाचा दोष किती, हे एका जनावरावरून सांगता येणार नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या हंगामापुरता शेजारच्या वाड्यावरील नर आणून माद्यांत सोडला. या नरास लिंबाखाली बांधून सरकीच्या जागी शेंगदाणा पेंड सुरू केली व पुडी बंद केली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा थेंब पाहिला तेव्हा लाटा उसळत होत्या. आबांनी स्वतः भिंगात डोळा लावून त्या पाहिल्या आणि समाधानाने म्हणाले, "सायेब, पावडर उशिरा लागू पडली म्हनायची." पुडी जुलैतच बंद झाली होती हे त्यांना सांगितले, ते कितपत पटले याची खात्री देता येत नाही.

वाड्यावर करावयाची परीक्षा

सूक्ष्मदर्शक यंत्र प्रत्येकाजवळ असणार नाही. परंतु नर कामाचा आहे की नाही हे हंगाम संपण्यापूर्वी ओळखण्याची एक युक्ती वाड्यावरच करता येते. गेरू गोड्या तेलात कालवून नराच्या छातीवर, पुढच्या दोन पायांच्या मध्ये चोपडावा व दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावावा. नराने ज्या मादीवर उडी घेतली तिच्या पाठीच्या मागील भागावर तांबडी खूण उमटते. मेंढीचा माज सरासरी १७ दिवसांनी फिरून येतो. म्हणून १७ व्या दिवशी रंग बदलून गेरूऐवजी नीळ किंवा काजळी वापरावी. पहिल्या रंगाच्या मेंढ्यांवर दुसरा रंग क्वचितच उमटला तर नर चांगला आहे. दोन-चार मेंढ्या उलटल्या तर त्यात काळजीचे कारण नाही. निम्म्याहून अधिक मेंढ्यांवर दोन्ही रंग दिसले तर मात्र त्याच दिवशी नर बदलावा व जुन्या नरास दवाखान्यात न्यावे. तसे केल्याने हंगामाचे फार तर तीन आठवडे जातील. खूण न करणाऱ्यास हीच गोष्ट नोव्हेंबरमध्ये, कोकरे न झाल्यावर कळते.

नर दवाखान्यात नेण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्याला माद्यांपासून दूर ठेवावे, नाही तर वीर्य पातळ येऊन चांगल्या नरावर उगाच ठपका येतो. आदल्या दिवशी लांब चालवू नये. सोबत मागील तीन महिन्यांत त्याला कोणता खुराक दिला, कोणता आजार झाला, कोणते औषध वा पुडी दिली, याची चिठ्ठी न्यावी. पुडीचे वेष्टन टाकून दिले नसेल तर तेही न्यावे. वीर्य तपासताना डॉक्टर लाटांना शून्य ते पाच असे गुण देतात. ३ पेक्षा कमी गुण मिळाल्यास एका तपासणीवरून नर खाटकास देऊ नये. आठ-दहा दिवसांनी दुसरी तपासणी करावी, आणि दोष ताप, ऊन किंवा खुराक यांतून आला असल्याचा संभव दिसल्यास खुराक व सावली सुधारून साठ दिवसांनी तिसरी करावी.